शर्करांची नावे आणि जोडाचे व्याकरण

शास्त्रीय परिभाषेचा विचार मराठीत बहुतेक वेळा नामांचा विचार म्हणूनच झालेला आहे. परभाषेतील संज्ञेला प्रतिशब्द कोणता द्यावा, तो संस्कृतातून घडवावा की लोकव्यवहारातून उचलावा, की मूळ संज्ञाच देवनागरीत उतरवून घ्यावी, ह्या प्रश्नांभोवतीच परिभाषेची चर्चा फिरत राहिली. नामे ज्या संबंधांनी परस्परांशी बांधली जातात ते संबंध व्यक्त करणारी साधने, म्हणजे प्रत्यय, पदक्रम, संख्यांक आणि चिन्हे, ह्या चर्चेच्या कडेलाच राहिली. ज्या विषयांत अर्थाचा मुख्य भार नामावर असतो तेथे ही उपेक्षा खपून जाते. खनिजांची किंवा वनस्पतींची नावे घेताना तिचा फारसा उपद्रव होत नाही. कार्बनी रसायनातील शर्करांच्या प्रकरणात मात्र ती खपत नाही. तेथे घटक मोजके असून पदार्थांचे वैचित्र्य अपार आहे. आणि ते वैचित्र्य घटकांतून नव्हे, घटकांच्या जोडांतून उत्पन्न होते.

ज्वारीचे ताट हे ह्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. कणसातील दाणा माणसाच्या भाकरीला जातो आणि वाळलेले ताट कडबा म्हणून बैलापुढे पडते. दाण्यातील पिष्ट केवळ ग्लुकोजच्या रेणूंचे बनलेले असते. कडब्याच्या प्रमुख घटकांपैकी एक जो सेल्युलोज, तोही केवळ ग्लुकोजच्याच रेणूंचा बनलेला असतो. इतकेच नव्हे, तर दोन्हींच्या मुख्य शृंखलेत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढील ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनाशी, मध्ये एक ऑक्सिजन अणू ठेवून, जोडलेला असतो. भेद एवढाच की पहिल्या कार्बनावरील ऑक्सिजनाची दिशा पिष्टात एक आणि सेल्युलोजात दुसरी असते. पहिलीला आल्फा व दुसरीला बीटा म्हणतात. आल्फा जोडाने शृंखला वळत जाते व तिचे मळसूत्र बनते. बीटा जोडाने ती ताठ राहते, शेजारच्या शृंखलांना हायड्रोजन-बंधांनी चिकटते आणि तिचा धागा बनतो. माणसाच्या लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेज हे एंझाइम आल्फा जोड तोडते. बीटा जोड तोडणारे एंझाइम माणसाच्या शरीरात तयार होत नाही. बैलाच्या शरीरातही ते तयार होत नाही. त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव ते काम करतात. अशा स्थितीत ‘पिष्ट व सेल्युलोज ही ग्लुकोजची बहुवारिके आहेत’ हे विधान, जे क्रमिक पुस्तकांतून वारंवार भेटते, खोटे नसले तरी निरर्थकाच्या जवळ जाणारे आहे. ‘रामाने रावणास मारले’ आणि ‘रावणाने रामास मारले’ ह्या दोन वाक्यांत राम, रावण व मारणे आहेत असे सांगण्यासारखेच ते आहे.

जोडांची ही शक्ती किती आहे हे मोजूनही दाखवता येते. ग्लायसीनसारख्या एकाच ॲमिनो आम्लाचे दोन रेणू प्रथिनांतील नेहमीच्या बंधाने जोडले तर एकच पदार्थ मिळतो. ग्लुकोजचे दोन रेणू, दोन्ही सहा अणूंच्या वलयाच्या रूपात, जोडले तर अकरा भिन्न पदार्थ संभवतात. एका रेणूचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या कार्बनाशी जोडला जाऊ शकतो; पाचव्याचा ऑक्सिजन वलयात गुंतलेला असल्याने तो उपलब्ध नसतो. ह्या चारांपैकी प्रत्येक जोड आल्फा किंवा बीटा असू शकतो. हे आठ झाले. त्याखेरीज दोघांचे पहिले कार्बनच परस्परांशी जोडले तर आल्फा-आल्फा, आल्फा-बीटा व बीटा-बीटा असे आणखी तीन. शब्दकोशात एकच शब्द आणि त्याच्या द्विरुक्तीचे अकरा अर्थ, अशी ही अवस्था आहे. कोणत्याही नैसर्गिक भाषेतील द्विरुक्तीला इतका भार पेलावा लागत नाही.

आता ह्या अकरा पदार्थांची रूढ नावे पाहावीत. कोजिबायोज, निगेरोज, माल्टोज, आयसोमाल्टोज, सोफोरोज, लॅमिनारिबायोज, सेलोबायोज, जेन्शिओबायोज, ट्रेहॅलोज, निओट्रेहॅलोज, आयसोट्रेहॅलोज. ह्यांतील कोजिबायोजच्या नावात जपानी कोजी आहे. निगेरोजच्या नावात एका काळ्या बुरशीचे लॅटिन विशेषण आहे. माल्टोजमध्ये मोड आणून वाळवलेले सातू, लॅमिनारिबायोजमध्ये समुद्रशैवाल, जेन्शिओबायोजमध्ये एका कडू मुळीची वनस्पती, आणि ट्रेहॅलोजमध्ये एका कीटकाच्या कोशाचे नाव आहे. म्हणजे ही नावे ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांसारखी आहेत. आडनावावरून मूळ गाव कळते; त्या गृहस्थाचे दुसऱ्याशी नाते काय हे कळत नाही. ‘आयसो’ आणि ‘निओ’ ही उपपदे तर त्याहूनही दरिद्री आहेत. आयसोमाल्टोज म्हणजे माल्टोजसारखे असूनही माल्टोज नव्हे, एवढेच. काय आहे ते नाव सांगत नाही. वस्तुतः माल्टोजात जोड आल्फा १→४ आहे आणि आयसोमाल्टोजात आल्फा १→६. आमायलोपेक्टिनाच्या शृंखलेला २४ ते ३० घटकांनंतर जी शाखा फुटते ती ह्या दुसऱ्या जोडाने. इतकी महत्त्वाची गोष्ट ‘आयसो’च्या आड दडलेली आहे.

रूढ नावांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला मात्र रंजक वाटावा असा आहे. ‘ग्लुकोज’ हे नाव १८३८ मध्ये फ्रान्समध्ये द्यूमाच्या पुढाकाराने आले. त्याच्या मुळाशी गोड द्राक्षरसाचा वाचक ग्रीक शब्द आहे. त्या ग्रीक शब्दाच्या शेवटी असलेला ‘ओस्’ हा काही शर्करावाचक प्रत्यय नव्हे. परंतु नाव रूढ होताच तो प्रत्यय आहे असे मानले गेले, आणि सेल्युलोज, लॅक्टोज, माल्टोज अशी प्रजा त्यापासून निपजली. संस्कृतात ‘असुर’ शब्दातील आद्य ‘अ’ नकारवाचक समजला जाऊन ‘सुर’ हा शब्द उत्पन्न झाला, ‘विधवा’ शब्दाची चुकीची फोड होऊन ‘धव’ हा पतिवाचक शब्द मिळाला. त्याच जातीची ही घटना आहे. चुकीच्या फोडीतून जन्मलेला प्रत्यय चुकीचा ठरत नाही. तो नियमाने लागू लागला की व्याकरणाचा भाग होतो.

एमिल फिशर व त्याचे सहकारी ह्यांनी केलेली काही नामकरणे ह्याहूनही स्वैर आहेत. नव्याने मिळालेल्या शर्करेचे नाव जुन्या नावाची अक्षरे उलटसुलट करून बनवावयाचे, अशी ती रीत. ग्लुकोजच्या अक्षरांची अदलाबदल होऊन गुलोज झाला. अरॅबिनोजची अक्षरे फिरवून १८९१ मध्ये रिबोज झाला. झायलोजचे आद्य तीन रोमन वर्ण उलटे वाचून लिक्सोज झाला. देवनागरीत हा शेवटचा खेळ दिसतही नाही. गंमत अशी की ह्या खेळातून जन्मलेला ‘रिबोज’ पुढे आनुवंशिकतेच्या रसायनाचे नाव होऊन बसला, आणि आज जगातील कोणत्याही भाषेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात तो आहे. संज्ञेचे यश तिच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नसते ह्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. ‘अन्वर्थक’ प्रतिशब्दांसाठी मराठीत जो आग्रह धरला जातो त्याने ह्या उदाहरणाची दखल घ्यावयास हवी होती.

नियमबद्ध नाव ह्या सर्वांहून वेगळ्या कोटीतील आहे. शर्करांच्या नामकरणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले रूप आज प्रमाण मानले जाते. रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र ह्या दोन्ही क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय संघटनांच्या संयुक्त आयोगाने ते सिद्ध केले. क्रमांकित नियम, नियमाखाली उदाहरणे, क्वचित अपवाद व विकल्प, अशी त्याची रचना आहे; सूत्र व वृत्ती ह्यांची सवय असलेल्या वाचकाला ती परकी वाटू नये. त्या शिफारशींनुसार माल्टोजचे नाव ‘आल्फा-डी-ग्लुकोपायरानोसिल-(१→४)-डी-ग्लुकोपायरानोज’ असे होते. हे नाव म्हणजे एक पूर्ण समास आहे आणि त्याचा विग्रह करता येतो.

त्यातील ‘डी’ ह्या अक्षराचा घोटाळा प्रथम निस्तरला पाहिजे. ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारी ती ‘डी’, अशी समजूत पदव्युत्तर वर्गातही आढळते. ग्लुकोजच्या बाबतीत ती योगायोगाने खरी ठरते, आणि केकुलेने १८६६ मध्ये दिलेल्या ‘डेक्स्ट्रोज’ ह्या नावाने ती पक्की होते. परंतु फ्रुक्टोज ‘डी’ असूनही प्रकाश डावीकडे, आणि बऱ्याच जोराने, वळवतो. ‘डी’ हे अक्षर वर्तन सांगत नाही, कूळ सांगते. ग्लिसराल्डिहाइडच्या कोणत्या रूपापासून वंश धरला आहे हे सांगते. गोत्रावरून स्वभावाचा निष्कर्ष काढू नये तसा ह्या अक्षरावरून वलनाचा काढू नये. ह्या वंशावळीचा मूळ पुरुषही अनुमानाने ठरवला होता. दोन शक्य रूपांपैकी एक फिशरने १८९१ मध्ये संकेत म्हणून स्वीकारले. तो संकेत वस्तुस्थितीशी जुळतो हे १९५१ मध्ये बायव्हूट व त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. साठ वर्षे एक संपूर्ण शास्त्र संकेतावर चालले, आणि संकेत सुसंगत असल्यामुळे काही अडले नाही.

‘आल्फा’ हा शब्दही वरवर पाहता दिशावाचक आहे, पण वास्तविक नातेवाचक आहे. एकच पुरुष एकीचा दीर आणि दुसऱ्याचा मेहुणा असतो. कोणाच्या बाजूने पाहिले हे सांगितल्याखेरीज नाते ठरत नाही. त्याचप्रमाणे पहिल्या कार्बनावरील ऑक्सिजन आणि कुळाची खूण वाहणाऱ्या कार्बनावरील ऑक्सिजन फिशरच्या आलेखात एकाच बाजूस असतील तर आल्फा, विरुद्ध बाजूंस असतील तर बीटा. म्हणून हॅवर्थच्या पद्धतीने काढलेल्या वलयात ‘डी’ ग्लुकोजचा आल्फा खाली दिसतो, आणि ‘एल’ ग्लुकोजचा आल्फा वर दिसतो. ‘आल्फा म्हणजे खाली’ हे पाठ करून आलेला विद्यार्थी ‘एल’ कुळातील पहिल्या शर्करेपाशी अडखळतो. दोष त्याचा नाही. त्याला नात्याचा शब्द जागेचा शब्द म्हणून शिकवला गेला.

समासाचे खरे मर्म मात्र प्रत्ययांत आहे. पायरानोज, पायरानोसिल, पायरानोसाइड ही तीन रूपे एकाच प्रातिपदिकाची आहेत. ‘ओज’ हे स्वतंत्र, मोकळे रूप. त्याचा पहिला कार्बन अद्याप कोणाशी जोडलेला नाही. ‘ओसिल’ हे परतंत्र रूप. आपला पहिला कार्बन दुसऱ्याला देऊन त्याचे विशेषण झालेले. ‘ओसाइड’ हे प्रधान असूनही पहिला कार्बन गुंतलेले रूप. माल्टोजच्या नावात शेवटी ‘ओज’ आहे, म्हणून त्याला एक मोकळे टोक आहे आणि म्हणून तो फेलिंगच्या द्रावणाचे क्षपण करतो. हे प्रयोगशाळेत जाऊन पाहण्यापूर्वी नावाच्या अंत्य प्रत्ययावरूनच कळते. दुधातील लॅक्टोज, म्हणजे ‘बीटा-डी-गॅलॅक्टोपायरानोसिल-(१→४)-डी-ग्लुकोपायरानोज’, ह्याविषयीही तेच. दोन्ही समास उत्तरपदप्रधान आहेत. पूर्वपद आपला पहिला कार्बन देते, उत्तरपद आपला चौथा पुढे करते, आणि बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. संस्कृत व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला हा तत्पुरुष ओळखण्यास क्षणही लागू नये.

आणि येथेच ह्या पद्धतीची मर्यादाही उघड होते. नेहमीच्या साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन परस्परांशी जोडलेले असतात. हे दोन्ही कार्बन त्या त्या शर्करेचे देणारे हात आहेत. मोकळे टोक कोणाकडेच उरत नाही. म्हणून साखर फेलिंगच्या द्रावणाचे क्षपण करीत नाही. येथे प्रधान कोण आणि गौण कोण? रसायनाच्या दृष्टीने कोणीच नाही. हा द्वंद्व आहे. आईबाप किंवा भाजीभाकरी ह्यांसारखा. परंतु नामपद्धतीजवळ द्वंद्वासाठी प्रत्यय नाही. एकाला ‘ओसिल’ आणि दुसऱ्याला ‘ओसाइड’ केल्याशिवाय तिला नाव बनवताच येत नाही. अल्डोज कीटोजहून वरिष्ठ ह्या नियमाने ती ग्लुकोजला प्रधान ठरवते आणि ‘बीटा-डी-फ्रुक्टोफ्युरानोसिल आल्फा-डी-ग्लुकोपायरानोसाइड’ हे नाव देऊन उलट क्रमाचे नाव अग्राह्य मानते. तरीही ग्लुकोज अगोदर घेऊन लिहिलेले नाव ग्रंथांतून सर्रास आढळते, आणि दोन नावे पाहून हे दोन पदार्थ आहेत की काय असा संभ्रम नवशिक्याला पडतो.

पाणिनीलाही द्वंद्वात कोणते पद आधी ठेवावे हे ठरवावे लागले. कमी स्वरांचे पद आधी यावे, यांसारखे नियम त्याने घालून दिले. परंतु त्याने क्रम ठरवला, प्राधान्य नव्हे. क्रम हा उच्चाराचा अपरिहार्य धर्म आहे, कारण दोन पदे एकाच वेळी उच्चारता येत नाहीत. प्राधान्य हा अर्थाचा धर्म आहे. १९९६ च्या शिफारशींनी क्रमाचा प्रश्न प्राधान्य देऊन सोडवला, हा त्यांतील मुख्य तात्त्विक दोष म्हणावा लागेल. नवल असे की त्याच शिफारशींत संक्षिप्त लेखनासाठी दोन्ही टोकांस फाळ असलेला बाण दिलेला आहे आणि दोन देणारे कार्बन जोडले असता तो वापरावा असे म्हटले आहे. लेखनचिन्हाला जे उमगले ते प्रत्ययाला उमगले नाही. ट्रेहॅलोजमध्ये दोन्ही घटक ग्लुकोजच असल्याने वरिष्ठतेचा वाद उद्भवत नाही, तरी ‘ओसिल’ व ‘ओसाइड’ ही विषमता तेथेही राहतेच.

संक्षिप्त लेखनातील अध्याहाराविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. लांब शृंखला लिहिताना प्रत्येक घटकापुढे कूळ व वलय लिहिणे अशक्य होते, म्हणून जे नेहमीचे ते गाळावे असा संकेत आहे. ‘डी’ व सहा अणूंचे वलय गृहीत. त्याहून निराळे असेल तरच लिहावयाचे. हे योग्यच आहे. मात्र फ्यूकोज ही शर्करा निसर्गात बहुधा ‘एल’ कुळात आढळते म्हणून तिच्यापुरते गृहीत बदलते. म्हणजे न लिहिलेल्या अक्षराचा अर्थ लिहिलेल्या शब्दावर अवलंबून राहतो. जाणत्याला त्याचा त्रास नाही. विद्यार्थ्याला मात्र अध्याहृत गोष्ट कोणती हे कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ती अध्याहृत आहे ह्याचाच विसर पडलेला असतो.

२०१५ पासून प्रचारात आलेल्या चित्रचिन्हांच्या पद्धतीत ग्लुकोजला निळे वर्तुळ, गॅलॅक्टोजला पिवळे, मॅनोजला हिरवे आणि फ्यूकोजला तांबडा त्रिकोण दिलेला आहे. पद्धत सोयीची आहे, आणि एका दृष्टिक्षेपात मोठी रचना समोर येते. परंतु तीतही रंग व आकार हे वैभव नामांच्या वाट्याला आले आहे. जोडाच्या वाट्याला एक बारीक रेघ आणि तिच्याशेजारी लहान अक्षरे. ऑक्सफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत रेघेचा कोन जोडाचे स्थान सांगतो, आणि रेघ तुटक असेल तर आल्फा, अखंड असेल तर बीटा. जोडाला स्वतःचे रूप देणारी ही दुसरी पद्धत अधिक शहाणी आहे. पण अधिक रूढ झाली ती पहिली.

मराठीतील स्थिती ह्या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. द्राक्षशर्करा, फलशर्करा, दुग्धशर्करा, यवशर्करा, इक्षुशर्करा हे शब्द सुबोध आहेत, श्रुतिमधुर आहेत, आणि ‘शर्करा’ ह्या शब्दाला तर विशेष मान आहे. खडे किंवा रेती ह्या अर्थाचा हा संस्कृत शब्द प्राकृतावाटे पश्चिमेकडे गेला, ग्रीक व लॅटिन रूपे धारण करून रसायनशास्त्रात ‘सॅकॅराइड’ झाला. मराठीत शर्करा म्हटले की तो घरी परततो. परंतु ह्या पाचही शब्दांत उगमाखेरीज काय आहे? द्राक्षशर्करा द्राक्षात असते तशी मधातही असते आणि रक्तातही असते. शिवाय ह्या मालिकेत एकेरी शर्करा कोणत्या आणि जोडशर्करा कोणत्या हा भेदही पुसला गेला आहे. द्राक्षशर्करा व फलशर्करा एकेरी, उरलेल्या तीन दुहेरी; नावांवरून ते कळण्याचा मार्ग नाही. प्रतिशब्द घडवणाऱ्यांनी श्रम घेतले ते रूढ नावांच्या भाषांतरावर, म्हणजे मूळ पद्धतीतील सर्वांत दुबळ्या भागावर.

‘ग्लायकोसिडी बंध’ ह्या शब्दप्रयोगातही एक अडचण आहे. रसायनात दोन अणूंमधील प्रत्यक्ष आकर्षण तो बंध. दोन शर्करांमधील जोडात असे दोन बंध असतात. एका कार्बनापासून ऑक्सिजनापर्यंत एक, आणि ऑक्सिजनापासून दुसऱ्या कार्बनापर्यंत दुसरा. दोन शर्करा जोडताना पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मध्ये एक ऑक्सिजन उरतो. ह्या संपूर्ण रचनेलाही बंध आणि तिच्यातील प्रत्येक भागालाही बंध म्हटल्याने ‘बंध कोठे तुटतो’ हा प्रश्न विचारताच येत नाही. आणि एंझाइमांच्या अभ्यासात तो मूलभूत प्रश्न आहे. सुताराच्या भाषेत दोन लाकडे जेथे एकमेकांत बसवली जातात त्या जागेला सांधा म्हणतात. बंध हा शब्द अणूंपुरता ठेवून शर्करांमधील जोडाला सांधा म्हटले तर भेद स्वच्छ राहील. व्याकरणातील ‘संधी’ हा त्याच धातूचा शब्द आहे, आणि संधीतही जुळताना काही लोप पावते. मात्र संधीचे फळ नियमाने एकच असते, सांध्याचे तसे नाही.

ग्लुकोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज ही नामे आहेत तशीच ठेवून मराठीने आपले सामर्थ्य विभक्तीत वापरावे, हे अधिक फलदायी दिसते. ‘१→४’ ह्या चिन्हाचे वाचन वर्गात बहुधा ‘वन फोर’ असे होते आणि बाण मुकाच राहतो. ‘पहिल्याने चौथ्यास’ असे वाचले तर देणारा व घेणारा कानाला कळतात. सुक्रोजच्या बाबतीत, जेथे दोन्ही हात देणारे, तेथे ‘पहिला दुसऱ्याशी’ असे म्हणता येते. ‘शी’ ह्या प्रत्ययात सहभाव आहे, प्राधान्य नाही. मूळ नामपद्धतीला द्वंद्वासाठी जो प्रत्यय सापडला नाही तो मराठीत असा हाताशी आहे. ‘ओसिल’ व ‘ओसाइड’ ह्या प्रत्ययांना मराठी प्रतिरूपे देण्याची मात्र घाई नको. एकदा त्यांचा अर्थ समजला की ते आहेत तसे चालतात. ‘ओज’ चालतो तसे.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईतील काही व्यक्तींच्या रक्तात आढळलेले एक नवे लक्षण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्या रक्तगटाला जगभर ‘मुंबई’चे नाव मिळाले. हेही नाव उगम सांगणारेच. पण त्यामागील वस्तू म्हणजे शर्करांचा एक सांधा आहे, किंवा अधिक अचूक म्हणावयाचे तर एका सांध्याचा अभाव आहे.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील शर्कराशृंखलांच्या टोकाशी गॅलॅक्टोज असतो. त्याच्या दुसऱ्या कार्बनास फ्यूकोज आल्फा सांध्याने जोडला गेला की ‘एच’ नावाची खूण तयार होते. ह्या खुणेवर, त्याच गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनास, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन जोडले गेले तर रक्तगट ‘ए’. साधा गॅलॅक्टोज जोडला गेला तर ‘बी’. काहीच जोडले गेले नाही तर ‘ओ’. ‘ए’ व ‘बी’चा सांधा करणारी एंझाइमे फ्यूकोज आधी जोडलेला असेल तरच काम करतात. फ्यूकोजचा सांधा करणारे एंझाइमच ज्या व्यक्तीत नसते तिच्या पेशींवर ‘एच’ नाही, आणि म्हणून, जनुक असले तरी, ‘ए’ किंवा ‘बी’ही नाही. हाच मुंबई रक्तगट. ह्या शर्करांचा शोध घेणारे मॉर्गन व वॉटकिन्स हे भेंडे ह्यांच्या त्या लेखाचे सहलेखक होते, आणि ‘एच’च्या ओळखीत फ्यूकोजचा हात आहे हे त्यांनी त्याच वर्षी दाखवले.

आता ‘ओ’ ह्या नावाकडे पाहावे. ‘ए’ नाही आणि ‘बी’ नाही ह्यासाठी ते रूढ झाले. ते शून्याचे चिन्ह आहे. परंतु ‘ओ’ गटाच्या पेशी रिकाम्या नसतात. ‘एच’ खूण त्यांच्यावरच सर्वांत अधिक असते. नेहमीच्या चाचणीत ‘ए’ व ‘बी’विरुद्धची द्रव्ये वापरली की ‘ओ’ गटाच्या पेशी प्रतिसाद देत नाहीत, आणि मुंबई गटाच्याही देत नाहीत. दोन भिन्न अभाव एका नावाखाली नोंदले जातात. मुंबई गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्धची प्रतिद्रव्ये असतात, ‘ओ’ म्हणून तिला ‘ओ’ गटाचे रक्त चढवले तर त्या पेशींचा नाश होऊन प्राणावर बेतू शकते. तिला मुंबई गटाचेच रक्त लागते. भेद ओळखण्यासाठी त्या व्यक्तीचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळून पाहावा लागतो. खऱ्या ‘ओ’ व्यक्तीचा रक्तद्रव त्या पेशींना गोळा करीत नाही, मुंबई गटाचा करतो. चाचणीचा हा उलटा भाग केला नाही तर नोंदवहीतील ‘ओ’ खरे की खोटे हे नावावरून ठरवण्याचा उपाय नाही.

वरील वाचनपद्धतीने ‘एच’ खुणेचे वर्णन असे होईल: एल-फ्यूकोज, आल्फा सांधा, पहिल्याने दुसऱ्यास, डी-गॅलॅक्टोज. ह्या वर्णनात ‘एल’ म्हटल्याने कूळ कळते, ‘आल्फा’ म्हटल्याने त्या कुळाच्या बाजूने नाते कळते, विभक्तीने देणारा व घेणारा कळतात. आणि मुंबई रक्तगटात जे नाही ते नेमके हेच, हेही कळते. ‘ओ’ हे अक्षर त्यांपैकी काहीही सांगत नाही.